आठवीतल्या मुलाच्या दप्तरातला रुमाल

पत्र थोडक्यात असं आहे:

‘मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत मी आठवीची वर्गशिक्षिका आहे. गेल्या शनिवारी सकाळच्या शाळेत, शेवटच्या तासाला, एका मुलाची मान सारखी खाली जात होती. जवळ गेले तर पंक्चरच्या दुकानात येतो तसा वास. दप्तरात प्लॅस्टिकची पिशवी निघाली आणि तिच्यात पिवळट, पापडासारखा कडक झालेला रुमाल. त्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला, कोयत्यावर गेलेत, कर्नाटकातल्या कारखान्याला. तो आजीजवळ राहतो आणि संध्याकाळी चुलत्याच्या पंक्चरच्या दुकानात बसतो. सहावीत असताना वर्गातलं सगळ्यात सुंदर अक्षर त्याचं होतं, फळ्यावरचा सुविचार तोच लिहायचा. आता वहीत ओळ सुटते. सोबत आणखी तीन-चार मुलं असावीत, त्यात दहावीतला एक आहे. शिपाईमामांनी त्यांना एकदा पाण्याच्या टाकीमागे पाहिलं आणि गेटपर्यंत पाठलाग केला, पण सापडली नाहीत. मुख्याध्यापक म्हणतात, एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, दाखला हातात द्या आणि मोकळ्या व्हा. शिवाय व्यसनमुक्तीचा कार्यक्रम घ्यायची जबाबदारी माझ्यावर आलीय: कवटीची पोस्टर्स, पोलीस साहेबांचं भाषण आणि व्यसनातून बाहेर आलेल्या एकाचं अनुभवकथन. आजीला मी अजून काही बोललेले नाही. कुणाला सांगू, काय सांगू? पोलिसांत जायचं का?’

बाई,

आधी शिपाईमामांना गाठा. जमलं तर आजच. त्यांना एवढंच सांगायचं की मुलं पुन्हा दिसली तर ओरडायचं नाही आणि मागे पळायचं तर अजिबात नाही. पंक्चर काढताना ट्यूबला लावतात ते सोल्युशन हुंगलेलं असताना हृदय फार नाजूक अवस्थेत असतं. त्यातल्या रसायनांमुळे ते घाबरल्यावर अंगात सुटणाऱ्या ॲड्रिनलिनला नको इतकी दाद देतं. अशा वेळी मूल दचकलं, घाबरून धावत सुटलं, तर ठोक्यांचा ताल बिघडून ते जागच्या जागी कोसळू शकतं. पहिल्यांदाच हुंगणाऱ्या मुलाच्या बाबतीतसुद्धा हे घडतं. गेटपर्यंतच्या त्या पाठलागात काही झालं नाही हे नशीबच. चालत जायचं, नेहमीच्या आवाजात हाक मारायची, पिशवी बाजूला घ्यायची, मुलाला मोकळ्या हवेत बसवायचं आणि अर्धा तास जवळ बसून राहायचं. आसपास काडी पेटवायची नाही, ती वाफ पेट घेते. मूल बेशुद्ध असेल तर त्याला कुशीवर वळवायचं आणि १०८ला फोन लावायचा. मामा कळवळ्यानंच धावले असणार, तेव्हा दोष न देता सांगा.

आता रुमालाकडे येऊ. गेल्या काही वर्षांत एमडी, म्हणजे मेफेड्रोन या अमली पावडरीच्या इतक्या बातम्या आल्या (२०२४ साली कुरकुंभच्या एमआयडीसीतला कारखाना, २०२५च्या जानेवारीत विट्याजवळचा) की पालकसभेत नशा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पांढरी पावडर येते. आठवीतल्या पोराच्या हाताशी पावडर नसते. त्याच्या हाताशी ट्यूब चिकटवायचं सोल्युशन असतं, व्हाइटनर असतं, थिनर असतं, मावा असतो. दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी केंद्र सरकारसाठी केलेलं देशभराचं सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. बाकी सगळ्या नशांत मोठी माणसं पुढे आहेत. हुंगायच्या पदार्थांत मात्र उलटं निघालं: १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८ टक्के. आणि साडेचार लाखांहून जास्त मुलांना यासाठी मदतीची गरज आहे, असा अंदाज त्यात होता. तेव्हा तुमच्या वर्गात काहीतरी जगावेगळं घडलंय असं समजू नका. आणि शाळेचं नाव जाईल या धास्तीत असलेल्या मुख्याध्यापकांनाही हा आकडा दाखवा, त्यांना जरा धीर येईल.

दाखला द्यायचा नाही. पहिलं कारण कायद्याचं आहे आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर तेच आधी ठेवा. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६: प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. ‘पालकांनी स्वतःहून मागितला’ असं लिहून घ्यायची जुनी युक्ती आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण इथे पालक कर्नाटकात उसाच्या फडात आहेत आणि आजीचा अंगठा घेऊन ती युक्ती करण्यात काही शोभा नाही. त्याच कायद्याचं कलम १७ मारायलाही बंदी करतं आणि चारचौघांत अपमान करण्यासारख्या मानसिक छळालाही. आठवीनंतर हा आडोसा राहत नाही. म्हणजे तुमच्या हातात या वर्षाची परीक्षा होईपर्यंतचे महिने आहेत.

दुसरं कारण माझ्या पदरातलं आहे. मी शिकवायला लागून पाच-सहा वर्षं झाली होती. नववीतल्या एका मुलाच्या खिशात तंबाखूची पुडी सापडली. मी त्याला परिपाठाला पुढे उभं केलं, पुडी हातात उंच धरायला लावली आणि सगळ्या शाळेकडून ‘व्यसन सोडा’ची घोषणा तीनदा म्हणून घेतली. त्या दिवशी मला फार कर्तव्यदक्ष वाटलं होतं. तो दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. हजेरीपटात मी त्याच्या नावापुढे महिनाभर ‘गै’ लिहीत राहिले. दोन वर्षांनी एसटी स्टँडबाहेर तो मला दिसला, वडापच्या जीपला मागे लटकलेला, गाल फुगलेला. ‘बाई, या, पुढं बसा,’ म्हणाला आणि गळ्यातल्या पंच्यानं माझ्यासाठी सीट पुसून दिली. भाडंही घेतलं नाही. त्याच्या तोंडातला बार तेव्हा केवढा होता ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. शाळेत असताना त्याच्या खिशात एक पुडी होती. शाळा कायमची सुटल्यावर त्याला दिवसभर दुसरं काय होतं? म्हणून सांगते, या मुलाच्या बाबतीत बाकी काहीही जमलं नाही तरी चालेल, पण तो रोज शाळेत आला पाहिजे. तेवढं तुमच्या हातात आहे.

पोलिसांचं विचारलंत. पंक्चरचं सोल्युशन अमली पदार्थांच्या कायद्यात येत नाही, त्यामुळे मुलावर गुन्ह्याचा प्रश्नच नाही, आणि दहावीतला तो मुलगाही मूलच आहे हे विसरू नका. पोलिसांची गरज वेगळ्या ठिकाणी लागते. कुणी मोठा माणूस शाळकरी मुलांना तंबाखू किंवा गोळ्या देत असेल तर बाल न्याय कायदा २०१५च्या कलम ७७खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मुलांच्या हातून अमली माल विकून किंवा पोचवून घेत असेल तर कलम ७८, शिक्षा तेवढीच. असं काही कानावर आलं तर अमली पदार्थांच्या तक्रारींसाठीच्या १९३३ या क्रमांकावर नाव न सांगता कळवता येतं. सध्या मात्र गणवेशातला माणूस वर्गात आणू नका. उरलेली तीन-चार मुलं अशी पांगतील की पुन्हा हाताला लागायची नाहीत.

मुलाशी बोलायचं कसं, हा खरा अवघड भाग. ऑफिसात बोलावू नका आणि समोरासमोर खुर्च्या मांडून तर बसूच नका. ग्रंथालयाचं कपाट लावायला घ्या त्याला, किंवा गठ्ठे उचलायला. हात कामात असले की मुलं बोलतात, डोळ्यांत डोळे घातले की गप्प होतात. दाखल्याचा विषय मुख्याध्यापकांशी मिटवून मगच बोला, म्हणजे पहिलं वाक्य खरं असेल: ‘तुला शाळेतून काढणार नाहीत, मी विचारून आलेय.’ मग, ‘रुमाल माझ्याजवळ आहे. मोठ्या सरांना माहीत आहे, आजीला अजून नाही.’ आणि मग थांबा. हे थांबणं आपल्याला, मास्तरांना, फार जड जातं. आपल्याला वाटतं प्रश्न विचारला की दहा सेकंदांत बोट वर यायला हवं.

‘का केलंस?’ विचारू नका, त्याचं उत्तर त्याच्याकडेही नसतं. ‘कुणी शिकवलं?’ हेही नको. नाव घेतलं की तो चुगलखोर ठरला आणि ज्या चार जणांत त्याला बसायला जागा आहे तीही गेली. केव्हा आणि कुठे, एवढं विचारा. ‘दिवसात कधी जास्त आठवण येते?’ माझा अंदाज आहे, उत्तर संध्याकाळचं येईल. दुकान बंद झाल्यापासून झोप लागेपर्यंतचा वेळ, जेव्हा बाकीच्या घरांत भाकऱ्या थापल्याचा आवाज येत असतो. रात्री तो काय जेवतो, हे नक्की विचारा. सोल्युशननं भूक मरते, आणि भूक मारायला म्हणूनही मुलं हुंगतात. आजीला डोळ्यांनी कमी दिसत असेल, दुपारचा शाळेतला पोषण आहार हेच त्याचं दिवसातलं धड जेवण असेल, तर आपण भाषणं कशाला द्यायची? ऊसतोड कामगारांच्या मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय आहे. तुमच्या गावात ती चालू आहे का आणि या मुलाचं नाव यादीत का नाही, हे केंद्रप्रमुखांना विचारा.

आणि एक. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते मोडावं लागेल. ‘ज्याला सांगीन त्याचं नाव आधी तुला सांगीन’ एवढं पुरतं.

आईला फोन करायचाच आहे, पण कसा ते आधी ठरवा. तुम्ही त्या भागात राहता, मी काय सांगणार, पण गाडी भरायला रात्री-अपरात्री उठणाऱ्या बाईला फोनवर ‘तुमचा मुलगा नशा करतो’ हे वाक्य ऐकवून फोन ठेवला तर पुढे काय होईल ते उघड आहे. उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत त्यांना परत येता येत नाही. मग बाप म्हणेल, ‘द्या पाठवून इकडं.’ फडात तेरा-चौदा वर्षांचं पोर म्हणजे आयते दोन हात. शाळा तिथेच संपली. त्यामुळे मुकादमाच्या फोनवरून निरोप नको, आईचा स्वतःचा नंबर आजीकडून घ्या, तिची सवडीची वेळही आजीलाच विचारा. सुरुवात त्याच्या अक्षरापासून करा. मग सांगा, ‘चिकटवायच्या सोल्युशनचा वास घ्यायची सवय लागलीय, लवकर लक्षात आलंय, मी बघतेय, डॉक्टरांना दाखवणार आहे. त्याला तिकडे बोलावू नका.’ शेवटचं वाक्य दोनदा म्हणा. आणि फोन त्याच्या हातात द्या आणि बाहेर जा. दर आठवड्याला शाळेतून पाच मिनिटं आईशी बोलायला मिळणार, हे त्याला कळू द्या. गुढीपाडव्याला ती माणसं परत येतील तोवर हे पाच मिनिटांचं बोलणं तुमच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त कामाचं आहे.

आजीला नशा हा शब्द वापरूच नका, ती हाय खाईल, नाहीतर काठी घेईल. ‘वास घेतो, त्यानं डोकं दुखतं आणि पायातलं बळ जातं’ असं सांगा, तेच खरंही आहे. ती मिशरी लावत असेल तर आज त्यावर बोलू नका. फक्त ‘मिशरी आणायला त्याला दुकानात पाठवू नका’ एवढं मागा. आपल्याकडे अर्ध्या गावाची तंबाखूशी पहिली ओळख ‘जा रे, दोन पुड्या घेऊन ये, उरलेल्या पैशाची गोळी घे’ अशीच होते.

चुलत्याकडे तक्रार घेऊन गेलात तर तो पोराला दुकानातच बडवेल. चुलत्याच्याच तब्येतीची चौकशी करत जा. काही सोल्युशनांत हेक्झेन नावाचं द्रव असतं, बंद जागेत रोज श्वासातून गेलं की हातापायांच्या नसा खराब होतात. ‘पायाला मुंग्या येतात का हो? दुकानात पंखा, खिडकी आहे का?’ असं विचारा. तो स्वतःच्या पायांकडे बघायला लागला की पुतण्याचं बोलणं सोपं जातं. मग दोन गोष्टी मागा: ट्यूब आणि डबे कुलपात, आणि पोरानं फक्त हवा भरायची किंवा चाकं खोलायची. दुकान बंदच करायला लावू नका. चार पैसे आणि एक मोठा माणूस, दोन्ही त्याला तिथेच मिळतायत.

डॉक्टरांना दाखवायलाच हवं. उपजिल्हा रुग्णालयात किंवा ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ असतं, तिथे जा, नसेल तर जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. सोल्युशनची ओढ कमी करणारी अशी काही गोळी नाही, त्यामुळे पहिल्याच भेटीत औषध मिळालं नाही म्हणून कुणी नाराज होऊ नये. ते नसा, तोल, कान, यकृत, मूत्रपिंड तपासतील आणि समुपदेशन सुरू करतील. पहिले काही दिवस तो चिडचिड करेल, झोपणार नाही, वर्गात उद्धट बोलेल. ते अंगावर घेऊ नका. कुणी लघवी तपासायचं किट सुचवलं तर नको म्हणा: नेहमीच्या किटमध्ये सोल्युशन कळतच नाही आणि मुलाचा विश्वास तेवढा जातो. कुणी ‘व्यसनमुक्ती केंद्रात टाका’ म्हणेल. पुण्याचं मुक्तांगण १९८६पासून मोठं काम करतंय, त्यांच्यासारख्यांचा सल्ला जरूर घ्यावा, पण तेरा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसांच्या वॉर्डात ठेवलं तर तो तिथून नवीन पदार्थांची नावं शिकून येईल. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६ आणि मूल संकटात असेल तर १०९८. तिन्हीला पैसे पडत नाहीत. हे क्रमांक वर्गात लावा, पण बोर्डाच्या मधोमध नको. पाण्याच्या माठाजवळ किंवा मुलींच्या-मुलांच्या बाथरूमच्या वाटेवर लावा, जिथे उभं राहून वाचताना कुणी पाहत नाही.

टाकीमागची जागा मला पत्रात वाचूनच दिसायला लागली. तिथे सिमेंटचा कोबा असेल, गुटख्याच्या पुड्या असतील आणि दुपारनंतर सावली. अशी जागा पहारा ठेवून सुटत नाही, दुसरीकडे जाते. तिथे व्हॉलीबॉलची जाळी बांधता येईल का बघा. शाळा सुटल्यावर तास-दीड तास, एक शिक्षक खुर्ची टाकून बसलेला, दहावीतल्या त्या मुलाकडे नेटची आणि बॉलची जबाबदारी. हो, त्याच्याकडेच. धाकटी पोरं त्याच्यामागे जातात, हा गुण त्याच्यात आहेच, तो आपण वापरायचा. मुख्याध्यापक डोक्याला हात लावतील. लावू देत.

आता कार्यक्रम. इथे मी जरा स्पष्ट बोलते, कारण दर वर्षी २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, हाच प्रकार शाळाशाळांत होतो: प्रभातफेरी, घोषवाक्य स्पर्धा, कवटी, शपथ, फोटो, अहवाल. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘डेअर’ नावाचा उपक्रम निघाला, पोलीस अधिकारी शाळेत येऊन शिकवायचे. तो देशभर पसरला, बाहेरही गेला. मग संशोधकांनी मोजून पाहिलं, तर तो शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांच्या व्यसनात सांगण्यासारखा फरक निघेना. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयानं प्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय निकष काढलेत, त्यांतही भीती घालणं, नुसती माहिती देणं आणि व्यसनातून बाहेर आलेल्यांचं अनुभवकथन हे प्रकार उपयोग न होणाऱ्यांत मोडतात. तंबाखूच्या पुडीवर ८५ टक्के जागेत कॅन्सरचं चित्र आणि इशारा २०१६पासून आहे. मोठ्या माणसाला सोडायचा विचार करायला ते लावतही असेल, पण तेरा वर्षांच्या मुलाला आपण कधी मरणार आहोत असं मुळात वाटतच नाही. अनुभवकथनाचं तर वेगळंच होतं. पाहुणा कळवळून सांगतो, मी घर विकलं, बायको गेली. मुलं बघतात काय, तर हा माणूस एवढं सगळं करून आज स्टेजवर बसलाय, शाल-नारळ घेतोय. शिवाय कशानं किती चढतं ही माहिती फुकटात मिळते.

म्हणून ते पाहुणे बोलवाच, पण पालकांसाठी आणि आपल्या शिक्षकांसाठी. पोलीस साहेबांना भाषणाऐवजी काम द्या. तंबाखूच्या २००३च्या कायद्यानुसार शाळेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत तंबाखूची विक्री चालत नाही, आणि अठरा वर्षांखालच्याला तर कुठेच विकता येत नाही. आठवीच्या मुलांना टेप घेऊन कुंपणापासून ते अंतर मोजू द्या, मापनाचा तास समजा, आणि साहेबांच्या समोर तिथे पिवळी रेघ मारा. टपरी आत येते की बाहेर ते सगळ्यांना आपोआप दिसेल. मात्र टपरीवाला तुमच्याच वर्गातल्या कुणाचा तरी बाप किंवा मामा असणार. ते मूल त्या दिवशी टेपचं टोक धरून उभं राहू नये, एवढं बघा.

वर्गात जे करायचं ते एका दिवसात होत नाही. आठवड्यातून एक तास, आठ-दहा आठवडे, आणि तुम्ही बोलायचं कमी. नको म्हणायचा सराव हवा, अगदी नाटकासारखा. एकानं म्हणायचं, ‘भ्यालास का रं?’, ‘एकदा घेऊन कोण मरतंय?’, ‘हा आईचा लाडका!’ दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. पहिल्या दिवशी सगळी मुलं पुस्तकातली उत्तरं देतात, ‘व्यसन आरोग्यास हानिकारक आहे.’ हसून घ्या आणि विचारा, टाकीमागे असं म्हणशील का? मग खरी उत्तरं यायला लागतात. एका शाळेत मी ऐकलेलं: ‘नको, आजीचं नाक लई तेज हाय.’ दुसरा म्हणाला, ‘उद्या मॅच आहे, दम लागतो.’ तिसरी, मुलगी होती ती, काहीच बोलली नाही, मैत्रिणीचा हात धरून सरळ चालायला लागली. सगळ्यात चांगलं उत्तर तेच होतं. मुलींना या तासातून वगळू नका, मावा आणि तपकीर त्यांच्यातही आहे, फक्त तो दप्तरात सापडत नाही.

आणखी एक करून पाहा. नाव न लिहिता चिठ्ठ्या घ्या: ‘आपल्या वर्गातले किती जण तंबाखू किंवा मावा खातात असं तुला वाटतं?’ आणि दुसऱ्या बाजूला, ‘तू खातोस का?’ अंदाज जवळजवळ नेहमीच खऱ्यापेक्षा फुगलेला निघतो. २०१९च्या पाहणीत देशातल्या १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांत कुठल्याही रूपात तंबाखू घेणारी ८.५ टक्के होती. म्हणजे शंभरातली एक्क्याण्णव घेत नव्हती. ‘सगळेच खातात’ हे मुलांना खरंच वाटत असतं, आणि आपली कवटीची पोस्टर्स तेच आणखी पक्कं करतात. आकडे आधी तुम्ही एकट्या मोजा. चांगले आले तर गणिताच्या तासाला आलेख काढून घ्या, वाईट आले तर चिठ्ठ्या कपाटात ठेवा आणि मला लिहा.

शिक्षकदालनाचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण मी पुष्कळ शिक्षकदालनं पाहिलीत. खिडकीत चुन्याची डबी असते, मधल्या सुट्टीत तळहातावर मळणं चालतं आणि खिडकीखाली भिंत लाल असते. मुलं ती भिंत रोज बघतात. हे सहकाऱ्यांना कसं सांगायचं ते मला नेमकं सांगता येणार नाही, तुम्ही वयानं लहान असाल तर आणखी अवघड. निदान ‘जा रे, टपरीवरून माझी पुडी आण’ हे मुलांना सांगणं बंद व्हावं, एवढी मागणी बैठकीत मुख्याध्यापकांच्या तोंडून येऊ द्या. कायद्याचं नाव घेतलं की ते बोलतील.

फळ्यावरचा सुविचार सध्या कोण लिहितं? सोमवारपासून त्याला परत द्या. बक्षीस म्हणून नको, काही जाहीर करूनही नको. सकाळी लवकर यायला लागेल एवढंच सांगा आणि खडू हातात द्या. ओळ वाकडी आली तरी पुसू नका. मध्ये एखाद्या दिवशी तो पुन्हा हुंगून येईल, बहुतेकदा तसं होतं, त्या दिवशी सुविचार दुसऱ्यानं लिहावा आणि दुसऱ्या दिवशी परत त्यानं.

तो रुमाल अजून तुमच्या कपाटात असेल तर बंद खोलीत ठेवू नका. कुणाच्या नजरेत येणार नाही अशा उघड्या जागी, उन्हात, दोन दिवस पडू द्या, वास गेला की पिशवीसकट कचऱ्यात टाका. पेटवू मात्र नका.